बियाणें आणि भांडें

सांगलीजवळ हरिपूर येथें हळद सांठविण्याचीं पेवें प्रसिद्ध होतीं. कृष्णाकांठच्या घट्ट मातींत खोल पेव खणावें, आंत हळद भरावी आणि तोंड मातीनें लिंपून टाकावें, अशी ती रीत. कोंडलेल्या जागेंतील प्राणवायु हळूहळू संपतो, कर्बाम्ल वायु सांचतो व कीड गुदमरून मरते. म्हणून माल टिके. पेव उघडल्यावर आंतली हवा पालटेपर्यंत माणूसही खालीं उतरत नसे. पुढें २००५ च्या महापुरांत पुष्कळ पेवांत पाणी शिरलें आणि तीं निकामी झालीं.

हवा आणि ओल यांचा हाच न्याय कडधान्याच्या बियाण्यासही लागू पडतो. तूर, मूग, चवळी यांचा भुंगेरा डब्यांत आपोआप उपजत नाहीं. शेतांत शेंग पिकत असतांनाच मादी तीवर अंडीं घालते, अळी दाण्यांत शिरते, आणि पुढें दाण्याला गोल भोंक पाडून भुंगेरा बाहेर पडतो. गृहिणी डब्याला दोष देते. परंतु शत्रु दाण्याबरोबरच घरांत आलेला असतो. डबा घट्ट झांकणाचा व कांठोकांठ भरलेला असेल, तर त्याची वाढ खुंटते. अर्धा रिकामा डबा मात्र त्याला हवेचा सांठाच पुरवितो.

मग सारें बियाणें हवाबंद करावें काय? येथेंच पुष्कळ लोक फसतात. बीं सजीव आहे. तें श्वास घेतें. ओलें बीं कोंडलें, तर ओल व ऊब बाहेर पडत नाहीं, बुरशी धरते आणि अंकुर मरतो. म्हणूनच सरकारी बीजप्रमाणांत हवाबंद वेष्टनाची अट अधिक कडक आहे. सातारा-सांगलीकडे खरिपांत सर्रास होणाऱ्या सोयाबीनला साध्या पोत्यांत शेंकडा १२ पर्यंत ओलावा चालतो. हवाबंद पिशवींत अवघा ७. हरभऱ्याचे हेच आंकडे ९ आणि ८ आहेत. उलट, शेणानें सारवलेली कणगी किंवा गोणपाट बाहेरची दमट हवा आंत घेतें. अशा दमट उबेंत फार दिवस राहिलेला घेवडा पुढें शिजतां शिजत नाहीं. दोष मात्र पाण्याला मिळतो.

कोरेगांव तालुक्यांतील वाघ्या घेवड्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. असा स्थानिक वाण एका खरिपापासून दुसऱ्या खरिपापर्यंत बहुधा शेतकऱ्याच्या घरांतच जगतो. तेथें त्याचा अंकुर मेला, तर मानांकन कागदावरच राहील.

तेव्हां आधीं बीं नीट वाळवावें, निवूं द्यावें, मगच तोंड बंद करावें. पेरणीपूर्वीं १०० दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून आठवड्यानें मोजावे. सोयाबीनचे ७० तरी उगवले पाहिजेत. भांडें वाईट बियाण्याला चांगलें करीत नाहीं. जसें बीं आंत जातें, तसें तें राखणें एवढेंच त्याच्या हातीं असतें.