देऊस्कर : एका विरळ आडनावाचा प्रवास
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



'कर' प्रत्ययाने संपणारी आडनावे आपल्या परिचयाची आहेत. परंतु गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण ओळखणार? तेथे सारेच त्या गावचे. माणूस वेस ओलांडून परक्या मुलखात गेला, म्हणजेच गावाचे नाव त्याला चिकटते. या अर्थाने असे प्रत्येक आडनाव स्थलांतराची नोंदच आहे.

आज आम्ही 'देऊस्कर' हे आडनाव विचारासाठी घेतले आहे. त्याचे मूळ कोकणातील देऊस हे गाव, असे सांगतात. या आडनावाला कीर्ती मिळाली ती मात्र बंगालीत. सखाराम गणेश देऊस्कर (१८६९–१९१२) यांचा जन्म आजच्या झारखंडातील देवघरजवळच्या करों गावी झाला. त्यांनी लेखन केले ते बंगालीत. 'देशेर कथा' हा त्यांचा ग्रंथ १९०४ साली निघाला आणि १९१० साली सरकारने तो जप्त केला. ज्या बंगालला मराठ्यांची आठवण 'बर्गी' म्हणून होती, तेथे शिवाजी-उत्सवाचा प्रसार करण्यात ते अग्रभागी होते. रवींद्रनाथांची 'शिवाजी उत्सव' ही कविता त्यांच्याच पुस्तिकेच्या निमित्ताने लिहिली गेली.

याच आडनावाची दुसरी वाट हैदराबादेस गेली. तेथे चित्रकार रामकृष्ण वामन देऊस्कर नावारूपास आले. त्यांचे पुतणे गोपाळ देऊस्कर (१९११–१९९४) यांनी रेखाटलेली बालगंधर्वांची चित्रे पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात आहेत. तथापि आडनाव एक, म्हणून घराणे एक, असे मानणे योग्य नव्हे. एकाच गावातून निरनिराळ्या कुळांची माणसे बाहेर पडतात आणि सारीच त्या गावची 'कर' होतात.

मग अशा विरळ आडनावाची माणसे किती, हे कसे कळावे? शिरगणतीच्या प्रसिद्ध तक्त्यांत आडनावांची मोजदाद नसते. मतदारयाद्या चाळाव्यात, तर प्रांतोप्रांती लिपी बदलते व लिपीबरोबर नावाचे रूपही. बंगालमध्ये तर 'कर' हे स्वतंत्र आडनावच आहे. डॉक्टर राधागोविंद कर यांचे नाव सर्वश्रुत आहे. तेव्हा नुसत्या प्रत्ययावरून मराठीपण ठरवता येत नाही.

आणखी एक गोष्ट याद्यांत सापडत नाही. काशीच्या 'आज' दैनिकाचे थोर संपादक बाबूराव विष्णु पराडकर (१८८३–१९५५) हे सखारामपंतांचे भाचे. मामांच्या ग्रंथाचा 'देश की बात' हा हिंदी अनुवाद त्यांनीच केला. बंगाली व हिंदी पत्रकारितेला जोडणारा हा धागा आईच्या माहेरचा आहे. केवळ आडनावे मोजणाऱ्याच्या हाती तो कधीच लागणार नाही.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. सभासदांची एक नोंदवही करावी. तीत आडनाव देवनागरीत व येथील लिपीत, मूळ गाव, येथे येण्याचे साल व कारण, आणि प्रत्येक गृहिणीचे माहेरचे आडनाव अवश्य लिहावे. आपली नातवंडे येथील भाषेत शिकतात, येथील वळणाने नाव उच्चारतात. त्यात गैर काहीच नाही. सखारामपंत बंगाली लेखक झाले म्हणून देऊस गाव पुसले गेले नाही. परंतु आपल्या आडनावातले गाव कोणते, हे सांगणारी वडील माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना विचारण्याचे काम पुढील महोत्सवावर ढकलण्याजोगे नाही.