माणसे असतील तेथे शाळा



व्हाइटफील्ड म्हटले की बंगळुरूतील संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. परंतु ही वसाहत एका स्वयंसेवी संस्थेच्या प्रयत्नातून जन्मली, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. युरोपीय आणि भारतीय अशा संमिश्र वंशाच्या अँग्लो-इंडियन समाजाला ना इंग्रज आपले मानीत, ना भारतीय. या समाजाला हक्काची भूमी मिळावी म्हणून डी. एस. व्हाइट यांच्या संस्थेने खटपट केली. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी १८८२ मध्ये सुमारे ३,९०० एकर जमीन दिली आणि व्हाइट यांच्या नावाने वसाहत उभी राहिली.

हेतू उदात्त होता. तरीही वस्ती लहानच राहिली. योजना शेतीची होती, समाजाची उपजीविका मात्र रेल्वे, तारखाते आणि कचेऱ्यांमध्ये होती. स्वातंत्र्यानंतर तर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे परदेशी गेली. जमीन एकीकडे आणि माणसांचे जगणे दुसरीकडे, असे झाले.

महाराष्ट्रातील काही संस्थांनी याच्या उलट वाट धरली. वीटभट्टीवरील मजुराच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. ठाणे जिल्ह्यात ‘विधायक संसद’ने भट्ट्यांवरच भोंगाशाळा उघडल्या. ऊस तोडणीसाठी आईवडिलांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी ‘जनार्थ’ने साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. मुलाने शाळेपर्यंत यावे, ही अट काढून टाकून शाळाच मुलापर्यंत गेली. उपेक्षितांच्या उत्थानात स्वयंसेवी संस्थेचे खरे सामर्थ्य हेच आहे. शासनाची यंत्रणा गाव आणि हजेरीपट पाहते. संस्था चालत जाऊन माणूस पाहू शकते.

आज व्हाइटफील्डमध्ये उंच इमारती बांधणारे मजूर कलबुर्गी, रायचूर, यादगीरकडून, तसेच दूरच्या राज्यांतून येतात आणि पत्र्याच्या खोल्यांत राहतात. बांधकाम संपले की कुटुंब हलते आणि मुलाची शाळा तुटते. त्याच इमारतींत पुढे महाराष्ट्रातून गेलेली सुशिक्षित मुले नोकरी करतात. त्यांनी जवळच्या बांधकामावर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला आठवड्यातील दोन तास द्यावेत. तेथील मुलांना काय हवे आहे, हे आधी त्यांच्या पालकांना विचारावे आणि मगच मदतीचा हात पुढे करावा.

शाळेच्या हीरक महोत्सवात पटावर नोंदलेल्या मुलांचा गौरव होतो. ज्यांचे नाव कोणत्याच पटावर नाही, त्यांच्यापर्यंत या शाळेचे विद्यार्थी पोहोचले, तर तो गौरव अधिक सार्थ ठरेल.