अचलपूरचा डास



अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर म्हटलं की वऱ्हाडची जुनी राजधानी आठवते, हौजकटोरा आठवतो. हिवतापाच्या इतिहासात मात्र हे गाव एका डासामुळे नोंदलं गेलंय. इंग्रजी अमदानीत गावाला एलिचपूर म्हणत. भारतीय वैद्यकीय सेवेतले डॉक्टर विल्यम ग्लेन लिस्टन यांनी तिथे वर्षभर अ‍ॅनोफिलिस डासांच्या सवयी न्याहाळल्या आणि १९०१ साली त्यावर लेख लिहिला. डासांची एक नवी जात त्यांनी तिथल्या नमुन्यांवरून वर्णन केली आणि स्टीफन्स या हिवताप-संशोधकाचं नाव तिला दिलं: अ‍ॅनोफिलिस स्टीफन्साय. हेच लिस्टन पुढे मुंबईत प्लेग आणि उंदरांवरच्या पिसवा यांचा माग काढण्यात गढून गेले, आणि एलिचपूरचं काम त्या मोठ्या कामामागे झाकलं गेलं. म्हणूनच आज ते मुद्दाम सांगावंसं वाटतं.

लिस्टन यांच्या लेखाआधी चारच वर्षं, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादला डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाच्या परोपजीवीच्या गाठी दिसल्या होत्या. हुसेन खान नावाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेला तो डास होता. पुढच्या वर्षी कलकत्त्यात, पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना, रॉस यांनी उरलेली वाट शोधली: गाठ फुटते, तिच्यातून निघालेले धाग्यासारखे जंतू डासाच्या लाळग्रंथीत जाऊन बसतात आणि पुढच्या चाव्याबरोबर नव्या शरीरात उतरतात. माणसाच्या हिवतापातही हेच घडतं, आणि ते अ‍ॅनोफिलिस डासच घडवतात, हे त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

या प्रवासाला वेळ लागतो, ही गोष्ट फार मोलाची आहे. रुग्णाला चावलेली डासाची मादी दुसऱ्या दिवशी कुणाला हिवताप देऊ शकत नाही. आपल्याकडच्या उष्ण हवेत परोपजीवीची तिच्या पोटातली वाढ साधारण दहा ते चौदा दिवस चालते. गारठ्यात ती लांबते, फार थंडी असेल तर थांबतेच. मादीचं आयुष्य मुळात काही आठवड्यांचं. म्हणजे रोग पसरवतात त्या फक्त तेवढं जगून राहिलेल्या, वयानं मोठ्या माद्या. घराच्या भिंतींवर औषध फवारतात त्यामागचं मोठं गणित हेच. सगळे डास मेले नाहीत तरी चालतं, माद्यांचं आयुष्य तेवढं आखूड झालं पाहिजे.

पण डास भिंतीवर बसतच नसेल तर? किंवा तो भातखाचरात न वाढता तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीत वाढत असेल तर? इथे लिस्टन यांच्यासारख्यांची चिकाटी कामाला येते. डास म्हणून सगळे एकसारखे, असं धरून चाललं की पैसाही जातो आणि माणसंही जातात. कुठल्या जातीची मादी अंडी कुठे घालते, चावते केव्हा, चावल्यावर विसावते कुठे, हे कुणीतरी रात्र-रात्र बसून पाहावं लागतं.

मुंबईनं हे शंभर वर्षांपूर्वी अनुभवलं. शहरातल्या हिवतापाची चौकशी करून डॉक्टर बेंटली यांनी १९११ साली अहवाल दिला. दलदल, खाजणं, गटारं यांच्याकडे सगळ्यांची बोटं होती. बेंटलींनी बोट ठेवलं ते घराघरांतल्या विहिरींवर आणि पाण्याच्या टाक्यांवर. स्टीफन्साय डासाला असंच स्वच्छ, साठवलेलं पाणी आवडतं. मग विहिरी बुजवण्याच्या, झाकण्याच्या नोटिसा निघाल्या आणि शहर खवळलं. विहिरीला दिवा लावणारी, फुलं वाहणारी माणसं सगळ्याच समाजांत होती. विहिरीत राहतो असं मानलेल्या देवाला किंवा आत्म्याला कोंडलं तर घरावर संकट येईल अशी भीती होती. मुंबई महापालिकेत काम करणाऱ्या रुस्तम मसानींना या तक्रारींमध्ये एवढं काही सापडलं, की त्यातून विहिरींच्या लोकश्रद्धांवरचं त्यांचं पुस्तक उभं राहिलं. ते १९१८ साली प्रसिद्ध झालं. हेच मसानी पुढे मुंबईचे पहिले भारतीय पालिका आयुक्त झाले. लोकांच्या भीतीची टर न उडवता ती ऐकून घेणारा अधिकारी या कामात होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

विहिरी गेल्या, तसा डास गच्चीवर चढला. टाकीला घट्ट झाकण हवं आणि तपासायला येणाऱ्याला वर चढता येईल अशी शिडी हवी, हा मुंबईतला नियम त्यातूनच आला. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं आजही गच्च्यांवर चढून टाक्यांत डोकावतात. अ‍ॅनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. इतर डासांची अळी डोकं खाली करून लटकते. सरावलेल्या डोळ्यांना क्षणात फरक कळतो. बांधकामाच्या जागी लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं, सिमेंटवर मारायला पिंपात भरून ठेवलेलं पाणी ही तर या डासाची हक्काची जागा.

आता हाच डास आफ्रिकेत पोचलाय. २०१२ साली तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या जिबूतीत तो पहिल्यांदा सापडला. त्या वर्षी त्या चिमुकल्या देशात हिवतापाचे जेमतेम २७ रुग्ण नोंदले होते. २०२० साली ते ७३ हजारांवर गेले. नंतर हा डास इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनियातही आढळला. आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः खेड्यांतला, पावसाळी डबक्यांतल्या डासांचा. रात्री घरात शिरून चावणाऱ्या त्या डासांवर औषध लावलेल्या मच्छरदाण्यांनी चांगला इलाज केला. स्टीफन्साय शहरात राहतो, कोरड्या दिवसांतही साठवलेल्या पाण्यावर वाढतो, माणसं मच्छरदाणीत शिरायच्या आधी संध्याकाळीच चावू लागतो, आणि बऱ्याच कीटकनाशकांना आता दाद देत नाही. २०२२ साली इथिओपियातल्या दिरे दावा शहरात हिवतापाची मोठी साथ आली. संशोधकांनी विद्यापीठाच्या वसतिगृहांभोवती आणि वस्त्यांत शोध घेतला, तेव्हा त्यांना साठवलेल्या पाण्यातही या डासाच्या अळ्या सापडल्या.

तिथल्या डॉक्टरांना आज जे प्रश्न पडलेत, त्यांतल्या कितीतरी प्रश्नांवर मुंबईनं शंभर वर्षं डोकं खपवलंय. झाकण कसलं असावं, टाकी किती दिवसांनी तपासावी, अळ्या खाणारे गप्पी मासे कुठल्या पाण्यात सोडावेत, घरमालक दार उघडत नसेल तर काय करायचं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून घासून वाळवलं तर त्यातून एकही डास उडत नाही. गच्चीवरच्या टाक्यांत डोकावून आलेल्या आपल्या माणसांचा हा अनुभव जिबूती आणि दिरे दावापर्यंत पोचायला हवा, आणि तोही लवकर.