जमिनीवाचूनचे स्वातंत्र्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

यादवी युद्धानंतर दुभंगलेले राष्ट्र पुन्हा कसे उभे करावे, या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेच्या इतिहासातील १८६५ ते १८७७ हा कालखंड फार बोधप्रद आहे. इतिहासकार त्याला ‘पुनर्रचनेचा काळ’ म्हणतात. सहा लाखांहून अधिक माणसे युद्धात दगावली होती. उत्तर आणि दक्षिण यांचे ऐक्य साधायचे होते आणि त्याच वेळी दास्यमुक्त झालेल्या चाळीस लाख माणसांना नागरिकत्व द्यायचे होते. ही दोन्ही कामे एकाच वाटेने होतील, अशी प्रारंभी अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात बारा वर्षांच्या आत पहिल्या कामासाठी दुसऱ्याचा बळी देण्यात आला. तो कसा दिला गेला, हे समाजवादी कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर त्या काळाची कामगिरी थोर होती. तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ साली गुलामगिरी नष्ट केली, चौदाव्या दुरुस्तीने १८६८ साली नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले आणि पंधराव्या दुरुस्तीने १८७० साली वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. त्याच वर्षी हायरम रेव्हेल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. दक्षिणेत सरकारी खर्चाने चालणाऱ्या सार्वत्रिक शाळांचा पाया याच काळातील राज्य सरकारांनी घातला. ही सरकारे केवळ भ्रष्ट व नालायक होती, असा अपप्रचार पुढे अर्धशतकभर पाठ्यपुस्तकांतून झाला. त्याला सप्रमाण उत्तर देणारा डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांचा ग्रंथ १९३५ साली यावा लागला.

मग एवढे अधिकार कागदावर आले असता ते टिकले का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर जमिनीपासून शोधावे लागते.

जानेवारी १८६५ मध्ये सवाना शहरात जनरल शर्मन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून, तुम्हांला काय हवे, असे विचारले होते. आम्हांला जमीन द्या, ती आम्ही स्वतःच्या श्रमाने कसू, असे त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझियर या वृद्ध उपदेशकाने सांगितले. अर्थशास्त्राच्या कोणत्याही पंडिताला याहून नेमके उत्तर देता आले नसते. चारच दिवसांनी शर्मन यांनी आदेश काढला. किनारपट्टीवरील पळून गेलेल्या मळेवाल्यांची जमीन चाळीस एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी वाटण्यास सुरुवात झाली आणि काही महिन्यांत सुमारे चाळीस हजार माणसे तेथे वसली.

एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली. त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी दिली आणि माफीबरोबर त्यांच्या जमिनीही परत केल्या. पेरलेल्या शेतांवरून माणसे उठवली गेली. थॅडियस स्टीव्हन्स यांनी १८६७ साली मोठ्या मळ्यांची जप्ती करून प्रत्येक मुक्त कुटुंबाला चाळीस एकर देण्याचे विधेयक मांडले, ते मंजूर झाले नाही. दक्षिणेच्या सत्तेविरुद्ध लढलेला उत्तरेचा भांडवलदार मालमत्तेचा प्रश्न येताच थबकला. आज मळा वाटला तर उद्या गिरणी वाटण्याची मागणी येईल, हे त्याला कळत होते. शिवाय त्याच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि स्वतःच्या जमिनीवरचा शेतकरी कापसाआधी घरापुरता मका लावतो.

जमीन नाही म्हणून माणूस जुन्याच मालकाच्या दारी गेला. बटाईने शेती, उभ्या पिकावर दुकानदाराची उचल, वर्षाला पन्नास टक्क्यांहूनही चढे व्याज आणि हंगामाअखेर वहीत पुन्हा बाकी, असे चक्र सुरू झाले. ज्यांनी १८७५ साली सुपे येथे सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्या आपल्या शेतकऱ्यांना ही वही वाचून दाखवावी लागली नसती. अमेरिकेतील युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले, त्याची झळ त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

तथापि सारा दोष जमिनीच्या माथी मारणे हाही एकांगीपणा होईल. बटाईदाराच्या हाती मत होते तोवर त्याला शेरीफ निवडता येत होता, पंचांत बसता येत होते, मजुरीचा दावा लावता येत होता. म्हणूनच ते मत मोडण्यासाठी बंदूक वापरली गेली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे न्यायकचेरी राखून बसलेल्या कृष्णवर्णीयांची सशस्त्र गोऱ्यांनी कत्तल केली. शरण आलेल्यांनाही सोडले नाही. हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खाजगी माणसांना नव्हे, असे म्हणून १८७६ साली न्यायालयाने शिक्षा रद्द ठरवल्या. जोतीरावांनी ज्यांचा गौरव केला, त्यांचे धैर्य नेमके त्याच काळात ओसरत होते.

त्यातच १८७३ची मंदी आली. उत्तरेला दक्षिणेच्या प्रश्नाचा कंटाळा आला. वादग्रस्त निवडणुकीनंतर १८७७ साली तडजोड झाली. हेझ अध्यक्ष झाले आणि दक्षिणेतील सरकारांना आधार देणारे संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले. वर्तमानपत्रांनी याला राष्ट्रीय समेट म्हटले. समेट झाला तो गोऱ्यांचा गोऱ्यांशी. ज्यांच्या हक्कांवर पाणी सोडले गेले, त्यांना कोणी विचारले नाही. परिणाम आकड्यांतच पाहा. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. नव्या राज्यघटनेच्या अटी लागल्यावर १९०० साली ५,३२० उरले. पंधरावी दुरुस्ती त्या चार वर्षांत एका शब्दानेही बदललेली नव्हती.

मताधिकाराचे ते वचन पाळणारा कायदा १९६५ साली झाला, तोही चळवळीच्या रेट्याने. त्यातील एक महत्त्वाची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निष्प्रभ केली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या इतिहासाचे भान होते. द्यु बॉइस यांच्याशी त्यांचा १९४६ साली पत्रव्यवहार झाला. घटनासमितीसाठी १९४७ साली तयार केलेल्या निवेदनात त्यांनी मूलभूत हक्कांच्या जोडीला शेती राज्याच्या मालकीची करण्याची तरतूद घटनेतच मागितली. ती मान्य झाली नाही. मताच्या मूल्याला भाकरीचा आणि जमिनीचा आधार हवा, हा त्यामागील विचार मात्र शिळा झालेला नाही.

मित्रहो, जेथे जेथे युद्ध थांबून शांततेचे करार होतात, तेथे आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. जमीन कोणाकडे राहिली? आणि दुबळ्याच्या दाराशी रात्री बंदूकधारी आले, तर त्याच्या बाजूने कोण उभे राहणार आणि किती वर्षे? या प्रश्नांची उत्तरे न देणारे ऐक्य विजेत्यांना व पराभूत मालकांना सोयीचे असेल, पण ज्यांच्या मुक्तीच्या नावाने रक्त सांडले, त्यांचे ते होत नाही. कायदा मंजूर झाला त्या दिवशी आपण मिरवणूक काढतो, ते योग्यच आहे. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठ्याच्या दप्तरात आणि मतदारयादीत त्या कायद्याचे काय झाले, हे पाहायला जाणारा कार्यकर्ता नसेल, तर १८७७ साल कोणत्याही देशात येऊ शकते.