नाव कंपनीचे, कसब कोणाचे?

(जालना येथे कामगार व विद्यार्थी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादकडे जाणारा रस्ता बदनापूर आणि करमाड मागे टाकून शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीपाशी येतो. चेक प्रजासत्ताकातील स्कोडा या मोटार कंपनीने २००१ साली भारतातील आपले उत्पादन याच ठिकाणी सुरू केले आणि 'ऑक्टेव्हिया' ही गाडी येथून बाहेर पडू लागली. बदनापूर तालुक्यातल्या एखाद्या मुलाने आयटीआयचा अभ्यासक्रम पुरा केला की त्याची नजर वळते ती याच दिशेला. शेतीत सर्वांना पुरेल एवढे उरलेले नाही, आणि कारखान्याचा गणवेश अंगावर चढला म्हणजे घराला बरे दिवस येतील, अशी त्याच्या आईवडिलांची समजूत असते.

या कंपनीच्या नावाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. ज्या नावाची अर्ध्या युरोपात टिंगल होत असे, तेच नाव पुढच्या दहापंधरा वर्षांत प्रतिष्ठेचे झाले. हा पालट कशामुळे घडला आणि त्या प्रतिष्ठेचा खरा धनी कोण, हा प्रश्न जालना जिल्ह्याच्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा नाही. त्याच्या उत्तरावर येथील तरुणांनी उद्योगाकडे काय मागावे हे अवलंबून आहे.

या कहाणीचा आरंभ एका सायकलीपासून होतो. बोहेमिया हा प्रांत त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. राज्यकर्त्यांची आणि व्यापाराची भाषा जर्मन, तर सामान्य जनतेची भाषा चेक. म्लादा बोलेस्लाव या गावी वाच्लाव क्लेमेंट नावाचे एक पुस्तकविक्रेते होते. त्यांची सायकल बिघडली तेव्हा त्यांनी ती बनविणाऱ्या जर्मन कंपनीला आपल्या मातृभाषेत पत्र लिहिले. उत्तर हवे असेल तर समजेल अशा भाषेत लिहा, असा उर्मट जबाब त्यांना मिळाला, असे सांगतात. तो अपमान क्लेमेंट यांच्या जिव्हारी लागला. वाच्लाव लाउरिन या कुशल यंत्रकारागिराला सोबत घेऊन त्यांनी १८९५ साली सायकलींचा लहानसा कारखाना काढला, आणि आपल्या सायकलीला नाव दिले 'स्लाविया'. १८९९ मध्ये तेथे मोटारसायकली तयार होऊ लागल्या आणि १९०५ मध्ये पहिली मोटारगाडी बाहेर पडली. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर लाउरिन आणि क्लेमेंट यांचा कारखाना त्या साम्राज्यातील सर्वांत मोठा मोटार कारखाना गणला जात होता.

'स्कोडा' हे नाव मात्र निराळ्या घराण्याचे. एमिल स्कोडा या अभियंत्याने १८६९ साली प्लझेन येथील यंत्रांचा कारखाना विकत घेतला होता आणि पुढे त्या उद्योगाने तोफा व अवजड यंत्रसामग्री यांत मोठे नाव कमावले. १९२४ साली म्लादा बोलेस्लावच्या कारखान्याला आग लागली. त्यानंतर आर्थिक बळाची निकड भासून १९२५ मध्ये तो प्लझेनच्या या बलाढ्य उद्योगात विलीन करण्यात आला. दोघा संस्थापकांचे नाव गाडीवरून गेले आणि भांडवल पुरविणाऱ्याचे नाव त्या जागी आले. गाव मात्र तेच राहिले आणि कारागीरही तेच राहिले. १९२७ मध्ये कारखान्याने शिकाऊ मुलांसाठी स्वतःची शाळा काढली. या शाळेची आठवण पुढेही ठेवावी लागेल, कारण या सबंध इतिहासाचे मर्म तिच्यात आहे.

नंतरची वर्षे परदास्याची होती. १९३९ मध्ये नाझी जर्मनीने देश गिळंकृत केला, कारखाना युद्धसामग्रीच्या कामाला जुंपला आणि तेथे सक्तीच्या मजुरीने माणसे राबविली. युद्ध संपता संपता, ९ मे १९४५ रोजी, म्लादा बोलेस्लाववर बाँब पडले. त्याच वर्षी कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले.

राष्ट्रीयीकरणानंतरच्या काळाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात, आणि दोन्ही अपुरी आहेत. सरकारी मालकी आली म्हणून कसब मेले, हे एक मत. वस्तुतः १९६४ साली आलेल्या 'एक हजार एमबी' या गाडीच्या एंजिनचा ॲल्युमिनियमचा ठोकळा दाबाखाली ओतलेला होता, आणि ही ओतकामाची पद्धत त्या काळी जगाच्या फार पुढे होती. १९७७ च्या माँटे कार्लो शर्यतीत स्कोडाच्या गाड्यांनी आपापल्या गटात यश मिळविले. चेक अभियंत्यांचा हात भारतातही दिसला. रांचीचा अवजड यंत्रांच्या उद्योगातील ओतकाम-घडाईचा कारखाना त्यांच्या साहाय्याने उभा राहिला. १९७१ पासून पिंजोर येथे एचएमटीने झेटर ट्रॅक्टर बनवायला घेतले, ते चेकोस्लोव्हाकियाच्याच सहकार्याने. जावा आणि येज्दी या मोटारसायकलींचे मूळही तेथलेच. ज्या शेतकऱ्याने स्कोडा पाहिली नव्हती, त्याने झेटरवर नांगरट केली होती.

कामगारांच्या नावाने राज्य चालले म्हणजे कामगार कारखान्याचा धनी झाला, हे दुसरे मत. तेही खरे नाही. १९६८ मध्ये प्रागमध्ये माणुसकीचा चेहरा असलेल्या समाजवादाचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. त्यानंतरच्या नोकरशाहीने कारखान्याचा श्वास कोंडला. पश्चिम युरोपात मोटारींचे एंजिन पुढे आले, पुढच्या चाकांना गती देणारी रचना रूढ झाली. म्लादा बोलेस्लावच्या अभियंत्यांनाही हे कळत होते, परंतु नव्या गाडीसाठी लागणारा पैसा आणि मंजुरी वरून मिळत नव्हती. मागे एंजिन असलेली जुनीच रचना १९७६ च्या नव्या गाडीतही कायम राहिली. पुढे एंजिन असलेली 'फॅव्होरिट' रस्त्यावर यायला १९८७ साल उजाडले. शिवाय या कारखान्यात कैद्यांनाही कामाला लावले जात असे. १९९० च्या आरंभी अध्यक्ष वाच्लाव हावेल यांनी व्यापक माफी जाहीर केली तेव्हा कारखान्याला माणसांची वाण पडली. जी राजवट स्वतःला श्रमिकांची म्हणवीत होती, तिच्या कारखान्यातील ही वस्तुस्थिती होती.

याच काळात ब्रिटनमध्ये स्कोडाची चेष्टा शिगेला पोचली होती. या गाडीची मागची काच गरम होण्याची सोय कशासाठी, तर ढकलताना हात गारठू नयेत म्हणून, असे विनोद तेथे घरोघरी चालत. चेक भाषेत 'श्कोडा' या शब्दाचा अर्थही 'नुकसान' किंवा 'अरेरे' असा होतो, त्यामुळे टवाळांना आयतेच फावले. पण हसणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. ती गाडी बनविणाऱ्यांचे हात अडाणी नव्हते, ते बांधलेले होते.

१९८९ मध्ये राजवट कोसळली. नव्या सरकारने परदेशी भागीदार शोधला. फ्रान्सची रेनो आणि जर्मनीची फोक्सवागेन यांच्यात चुरस झाली, आणि एप्रिल १९९१ पासून फोक्सवागेन भागीदार झाली. तिचा हिस्सा प्रथम सुमारे ३० टक्के होता. तो वाढत जाऊन २००० साली संपूर्ण कंपनीच तिच्या मालकीची झाली. हा व्यवहार निखळ औदार्याचा नव्हता. १९९३ मध्ये फोक्सवागेनने आश्वासन दिलेल्या गुंतवणुकीला मोठी कात्री लावली, तेव्हा चेक जनतेला मोठ्या भांडवलाचा स्वभाव कळून चुकला. तरीही १९९४ मध्ये 'फेलिसिया' आणि १९९६ मध्ये 'ऑक्टेव्हिया' आली, आणि हसणारे गप्प झाले.

भांडवल आणि तंत्र जर्मनीहून आले हे खरे. पण तेवढेच जर पुरेसे असते, तर ते ओसाड माळावरही फळले असते. म्लादा बोलेस्लावमध्ये ते फळले, कारण तेथे १८९५ पासून लोखंडाशी बोलणाऱ्या पिढ्या होत्या, १९२७ पासून चाललेली शाळा होती, आणि गाडीचा आराखडा काढणारा विभागही त्याच गावात राहिला. मालक पुन्हा पुन्हा बदलले. कसब गावातून हलले नाही, म्हणून नाव पुन्हा उभे राहू शकले.

आता पुन्हा शेंद्र्याकडे वळू या. येथे सुरुवातीपासून मुख्य काम चालले ते सुट्या भागांच्या पेट्या परदेशातून आणून जुळणी करण्याचे. बिल्डर, डॉक्टर, पुढारी यांच्या दारात ऑक्टेव्हिया उभी राहिली, भारदस्त आणि दणकट म्हणून तिची कीर्ती झाली. तिची दुरुस्ती महाग पडते अशा तक्रारीही झाल्या. पुढे २०२१ मध्ये 'कुशाक' आणि २०२२ मध्ये 'स्लाविया' या खास भारतासाठी आखलेल्या गाड्या आल्या, ज्यांतील बहुतांश भाग भारतातच बनतात. क्लेमेंट यांच्या पहिल्या सायकलीचे नाव असे शंभराहून अधिक वर्षांनी भारतात अवतरले. मात्र या गाड्या पुणे जिल्ह्यातील चाकणला तयार होतात. खोल काम चाकणकडे गेले, पेट्या उघडण्याचे काम शेंद्र्याला राहिले, हे मराठवाड्याने नीट समजून घेतले पाहिजे.

गंमत अशी, की हाच प्रश्न कायद्याच्या भाषेतही उभा राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने या समूहाच्या भारतीय कंपनीला सुमारे १४० कोटी डॉलरच्या मागणीची नोटीस दिली. जवळजवळ सबंध गाडीच सुट्या स्वरूपात आणून ते केवळ वेगवेगळे भाग आहेत असे दाखविले आणि कमी शुल्क भरले, असा विभागाचा आरोप. कंपनीने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायनिवाडा न्यायालयाने करायचा आहे. पण त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न साध्या माणसालाही कळेल असा आहे: गाडी येथे बनली, की येथे फक्त उघडली गेली?

नावाची नाजूकताही विसरता कामा नये. २०१५ मध्ये फोक्सवागेनने डिझेल गाड्यांच्या धुराची चाचणी फसविणारी संगणकप्रणाली बसविल्याचे उघड झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ती होती आणि त्यांत सुमारे १२ लाख स्कोडा होत्या. भारतात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच्या सक्तीच्या वसुलीला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी अटकाव केला. शंभर वर्षे कारागिरांनी कमावलेले नाव संचालकांच्या दालनात किती लवकर डागाळते, याचे हे उदाहरण आहे. फसवणुकीचा निर्णय घेताना जुळणीच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या कामगाराला कोणी विचारले नव्हते.

मग जालन्याने यातून काय घ्यावे? 'जालना सोने का पालना' ही म्हण येथे सर्वांना ठाऊक आहे. या गावाला नाव कसे घडते हे कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची गरज नाही. १९६४ मध्ये येथे महिको सुरू झाली आणि जालन्याचे बियाणे देशभर गेले. त्या कीर्तीच्या मागे संशोधक होते तसेच प्लॉटवर उन्हात उभ्या राहून एकेका फुलाचे परागीकरण हाताने करणाऱ्या बायाही होत्या. पिशवीवर त्यांचे नाव नसते. येथल्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि घरांसाठी सळया तयार होतात. पण सळईपासून मोटारीच्या भागापर्यंतचे अंतर रस्त्याने मोजता येत नाही. धातूची परीक्षा, साचे, अचूक ओतकाम, या पायऱ्यांनी ते ओलांडावे लागते.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी वाळूजकडे पाहावे. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना तेथे आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनविणाऱ्यांची फळी उभी राहिली. त्याच वर्षी औरंगाबादेत ॲल्युमिनियमच्या ओतकामापासून सुरुवात करणाऱ्या एन्ड्युरन्सने पुढे इटली आणि जर्मनीतील कारखाने चालविले. जर्मन साहाय्याने उभे राहिलेले इंडो-जर्मन टूल रूमही त्याच शहरात आहे. याउलट २०१० मध्ये औरंगाबादच्या एका गटाने एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेव्हा त्याचा केवढा गाजावाजा झाला! विकत घेतलेली प्रतिष्ठा दारात उभी राहते आणि दरवर्षी तिची किंमत उतरते. हाताने कमावलेली प्रतिष्ठा पुढच्या पिढीला वारसा म्हणून मिळते.

म्हणून परदेशी कंपनी आली की केवळ स्वागताच्या कमानी उभारू नयेत, आणि ती परदेशी म्हणून दगडही उचलू नयेत. जमीन, पाणी, वीज आणि करसवलती जनतेच्या पैशातून दिल्या जातात. त्या बदल्यात जनतेने तीन प्रश्न विचारावेत. गाडीचा किती भाग येथे बनणार? १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली घेतलेल्या मुलाला खरोखर काम शिकविणार, की स्वस्त मजूर म्हणून वर्षभर वापरून परत पाठविणार? आणि कंत्राटावरचा कामगार कायम केव्हा होणार? कारण दर अकरा महिन्यांनी ज्याला बदलले जाते, त्याच्या हाताला कसब चढत नाही, आणि ज्या गावात कसब साठत नाही त्या गावाला मालकाने पाठ फिरविली की काहीच उरत नाही.

म्लादा बोलेस्लावच्या पुस्तकविक्रेत्याला आपल्या भाषेत उत्तर हवे होते. ते मिळाले नाही, म्हणून त्याने आणि त्याच्या कारागीर मित्राने ते लोखंडात लिहिले. बदनापूरच्या आयटीआय झालेल्या मुलालाही त्याच्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे. ते त्याला समजेल अशा भाषेत, त्याच्या स्वतःच्या हाताने लिहिता येईल, एवढी व्यवस्था करणे हे या जिल्ह्यातील सर्व विचारी माणसांचे काम आहे.