सातबाऱ्यावर तिचे नाव



'कसेल त्याची जमीन' ही घोषणा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई राज्याचा कूळ कायदा १९४८ साली झाला. पुढे १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला, आणि त्या दिवसापासून असंख्य कुळे आपण कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली. काम मोठेच झाले. पण एक साधा प्रश्न त्या वेळी फारसा कुणी विचारला नाही. कसणारा म्हणजे कोण? नांगर धरणारा तो, की खुरपे धरणारी ती? बहुतेक घरांत कागदावर नाव लागले ते कर्त्या पुरुषाचे. बाईचे कसणे शिवारातच राहिले, ते चावडीपर्यंत पोहोचले नाही.

आज मला बोलायचे आहे ते या न पोहोचलेल्या नावाविषयी. कारण शेतीसाठी सरकार जे साहाय्य देते, जे अनुदान म्हणून आपण ओळखतो, ते या नावाचाच माग काढीत येते. नाव असेल तिथे ते थांबते. नसेल तिथून पुढे जाते.

आपल्याच पुणे जिल्ह्यातले शिवार डोळ्यांपुढे आणा. मावळात भाताची लावणी चालू आहे, चाकणकडे कांद्याची काटणी, जुन्नरला टोमॅटोची तोडणी. ओळीने वाकलेल्या पाठी कुणाच्या दिसतात? बायकांच्या. औत, ट्रॅक्टर आणि बाजार एवढे पुरुषाकडे. लावणी, खुरपणी, तोडणी, काटणी, जनावरांचे शेणपाणी, घरच्या बियाणाची राखण हे सारे बाईकडे. देशाच्या खेड्यांतील कामकरी स्त्रियांपैकी दर चारांत तिघी शेतीत राबतात. आणि २०१५-१६ ची कृषिगणना काय सांगते? देशातील दर १०० वहितीदारांमध्ये स्त्रिया होत्या सुमारे १४, आणि त्यांच्या हाती असलेले क्षेत्र होते १०० एकरांत १२ एकरांहूनही कमी. कामाच्या हजेरीपटावर ती पहिली, आणि मालकीच्या कागदावर शोधूनही सापडत नाही, असा हा प्रकार आहे.

"नाव कुणाचं का असेना, घर तर एकच आहे ना?" असे कुणी म्हणेल. त्यासाठी अनुदान मिळते कसे, ते थोडे पाहू.

ठिबक घ्यायचे असो, पॉवर टिलर घ्यायचा असो की कांदाचाळ बांधायची असो, अर्जदाराला सातबारा लागतो, आठ-अचा उतारा लागतो, आधार आणि बँकेचे पासबुक लागते. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा झाला, आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. म्हणजे जिच्या नावे गुंठाभरही जमीन नाही, ती तीस वर्षे खुरपत असली तरी त्या संगणकाच्या लेखी शेतकरी नाही. दुसरी गोष्ट अशी, की बहुतेक अनुदान आधी हातात पडत नाही. वस्तू आधी विकत घ्यायची, बिल दाखवायचे, तपासणी व्हायची, मग पैसे खात्यावर यायचे. मधल्या दिवसांचा पैसा उभा करायचा कुठून? बँक किंवा सोसायटी कर्ज देते, पण तीही पुन्हा सातबाराच मागते. अशा रीतीने एक नाव नसले, की अनुदान, कर्ज आणि पीकविमा हे तिन्ही दरवाजे एकदम बंद होतात.

सरकारला हे दिसत नाही असे नाही. शेती यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत स्त्री शेतकऱ्याला ५० टक्के अनुदान आहे, इतरांना ४० टक्के. ८०,००० रुपयांचे अवजार घेतले, तर तिला ४०,००० आणि इतरांना ३२,००० असा तो हिशेब; अर्थात प्रत्येक अवजाराला वरची मर्यादा आहेच. पण यात एक बारकावा लक्षात ठेवा. अल्पभूधारकाला, मग तो पुरुष असला तरी, ५० टक्केच मिळतात. म्हणजे दोन हेक्टरांच्या आतल्या घरात बाईच्या नावाने अर्ज केल्यामुळे दर वाढत नाही. वाढतो तो मोठ्या जमीनदाराच्या घरात. तिथे मात्र बाईची आठवण अर्जापुरती होते. अर्ज तिचा, अंगठा किंवा सही तिची, मोबाइलवर येणारा सांकेतिक आकडा मुलाच्या फोनवर, आणि ट्रॅक्टर कुणाच्या रानात किती भाड्याने गेला हे तिला ठाऊक नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! म्हणून केवळ अनुदानाचा दर वाढवून भागत नाही. जमीन तिच्या नावावर, पासबुक तिच्या हातात आणि हिशेब तिच्या डोक्यात, असे तिन्ही जुळले तरच ते अनुदान तिचे.

हे जुळवून आणण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाच्या पुढाकाराने झाला, त्याची आठवण आज करून द्यावीशी वाटते. शरद जोशी स्वित्झर्लंडमधल्या बर्नची आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून आले आणि १९७७ साली चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली. कांद्याच्या भावासाठी त्यांनी उभे केलेले आंदोलन सर्वांना ठाऊक आहे. पण शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला भरले, आणि तिथून एक वेगळाच प्रश्न पुढे आला. घामाचे दाम मिळत नाही म्हणून शेतकरी सरकारशी भांडतो. मग त्याच्या घरातल्या लक्ष्मीच्या घामाचे दाम कोण देणार? त्यातून पुढे 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम निघाला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग राजीखुशीने बायकोच्या नावे करून द्यायचा. गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी असे केले, की ते गाव लक्ष्मीमुक्तीचे गाव. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे अशा गावांपैकी एक.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की इथे सक्ती नव्हती आणि कुणाला बक्षीसही नव्हते. 'हे तुझे देणे लागतो' असे शेतकऱ्याने चारचौघांत म्हणायचे होते. पुढे सरकारनेही या कामाला वाट करून दिली. १९९२ साली महसूल खात्याचे परिपत्रक निघाले. त्यानुसार नवऱ्याने स्वतःहून अर्ज केला, तर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. अर्ज गावच्या तलाठ्याकडे द्यायचा. तो फेरफार धरतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. ही वाट तीस वर्षांहून अधिक काळ मोकळी आहे. तिच्यावरून चालणारे मात्र थोडे.

बायकोचे झाले, आता लेकीचे पाहू. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यातच मुलीला जन्मतः समान हिस्सा मिळाला, लग्न झालेले असो वा नसो. आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की त्या दिवशी वडील हयात नव्हते एवढ्या कारणाने तिचा हक्क बुडत नाही.

कायदा इतका स्पष्ट असताना प्रत्यक्षात काय होते? वडील जातात, दिवसकार्य उरकते, आणि बहिणींपुढे हक्कसोडपत्र येते. "भावाशी वाकडं नको, माहेर तुटायला नको," म्हणून ती सही करते. साडीचोळी घेऊन परत जाते. तिने खरोखर मनाने सोडले असेल, तर कुणाची तक्रार नाही. पण किती सोडतो आहोत, कशावरची सही आहे, हे तिला कुणी वाचून दाखवले होते काय? भाऊबिजेच्या ओवाळणीत जमीन घालून घेणारा भाऊ बहिणीचे प्रेम राखतो असे म्हणता येईल काय? काही गावांत दुसरी तऱ्हा असते. भावांची नावे कब्जेदार म्हणून वर, आणि बहिणीचे किंवा विधवा आईचे नाव बाजूला, 'इतर हक्क' या रकान्यात. उताऱ्यावर नाव दिसते म्हणून बाई निश्चिंत राहते. अर्ज करायला गेली, की रकान्याचा अर्थ कळतो.

सगळ्यांत अडचण होते ती विधवेची. नवरा जाऊन वर्षे लोटतात, तरी सातबारा त्याच्याच नावावर राहतो. मग रान पडीक पडो की गारपिटीत पीक जावो, मृत माणसाच्या खात्यावर मदत जमा कशी व्हावी? १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली, ती याचसाठी, की मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लागावीत. मोहीम सरकारची असली, तरी गावातल्या कुठल्या घराची नोंद राहून गेली हे सरकारपेक्षा शेजाऱ्याला आधी ठाऊक असते.

आता शेतकरी बांधवांच्या मनातल्या शंकाही बोलून टाकू. पहिली शंका: जमिनीचे तुकडे होतील. बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागल्याने बांध पडत नाही, औत मोडत नाही, शेत तसेच राहते. मात्र सामाईक खात्यावर ठिबकासारख्या गोष्टीचा अर्ज करताना इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते, हे लक्षात असू द्यावे. दुसरी शंका अशी: "उद्या ती जमीन विकून माहेरी गेली तर?" जिने उन्हातान्हात ते रान राखले, तिच्यावर एवढाही भरवसा नसेल, तर दोष कागदाचा नाही. तिसरी शंका उलट बाजूची, म्हणजे अपेक्षा वाढवणारी. दोघांची नावे लावली म्हणजे पंतप्रधान किसान योजनेचे ६,००० रुपये दोनदा मिळतील, असे काहींना वाटते. तसे होत नाही. तिथे नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून एकच कुटुंब धरतात. खोट्या आशेने केलेले चांगले काम टिकत नाही, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

आणि ज्या घरात जमीनच नाही, त्या बाईने काय करावे? तिच्यासाठी गट हा रस्ता आहे. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ साली सुरू झालेले 'उमेद' अभियान बचतगटांचे काम करीत आले आहे. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत लोणची, पापड, मसाले, डाळी अशा उद्योगांना ३५ टक्के, १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले गेले. गटातल्या सभासदाला बीजभांडवल म्हणून ४०,००० रुपयांपर्यंतची सोयही त्यात होती. तिथे प्रश्न सातबाऱ्याचा नव्हता, गटाच्या कामाचा आणि चोख दप्तराचा होता. बाई एकटी अर्ज करते तेव्हा तिला हेलपाटे घालावे लागतात. दहा जणी मिळून गेल्या, की टेबलावरचा कागद हलतो.

शेवटी दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी. गावात कागद वाचून अर्थ सांगणारा माणूस म्हणून आजही लोक तुमच्याकडेच पाहतात. शाळेत वरच्या वर्गाला एक दिवस सातबारा वाचायला शिकवा. कब्जेदाराचा रकाना कोणता, इतर हक्काचा कोणता, आठ-अ म्हणजे काय, फेरफार कशाला म्हणतात, एवढे तासाभरात होते. मुलांना घरचा उतारा पाहायला सांगा. आजोबा जाऊन दहा वर्षे झाली आणि नाव अजून त्यांचेच आहे, किंवा आईचे नाव कुठेच नाही, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. मूल घरी जाऊन विचारील, "आपण एवढे रान करतो, मग यात आईचं नाव का नाही?" सभेतल्या भाषणाने जे होत नाही, ते अशा प्रश्नाने पुष्कळदा होते. बचतगटाच्या बैठकीत अर्धा तास बसून पासबुकातल्या नोंदी वाचून दाखवल्या, तर तेही थोडके काम नाही.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले. अशा वर्षांत समारंभ होतात, हारतुरे होतात. पण एखाद्या गावाने ठरवले, की चावडीवर एक दिवस बसून निदान पंचवीस घरांचे अर्ज भरू, राहिलेल्या वारसनोंदी पुऱ्या करू, आणि कुठल्याही बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवू, तर त्या गावाने कुठल्याही समारंभापेक्षा अधिक केले असे मी म्हणेन. अनुदाने येतील, बदलतील, बंदही पडतील. योजनांचे आयुष्य थोडे असते. सातबाऱ्यावर लागलेले नाव मात्र राहते, आणि पुढे येणारी प्रत्येक योजना त्या नावाचा पत्ता विचारीतच येते.