गेटाबाहेरचे पहिले तीन महिने



स्वागताध्यक्ष कोणाला करतात हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. विषयातले जाणकार भाषणं करतात आणि ज्याच्याकडून मांडव आणि जेवण व्हायचं असतं त्याच्या गळ्यात हा हार पडतो. मी शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना चालवते, त्यामुळे माझी निवड कशी झाली ते सांगायला नको. पण मान मिळालाच आहे तर मालकाच्या बाजूनं चार शब्द बोलून घेते. तुरुंगातून सुटलेल्या मुलींना काम कसं मिळावं, या आजच्या परिषदेच्या विषयावरच्या सभांत मालकाबद्दल पुष्कळ बोललं जातं. तो स्वतः सहसा हजर नसतो.

आधी एक खुलासा. तुमच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर फक्त नाव आहे. हुद्दा नाही, संस्था नाही, गाव नाही. काही साहेबांना हे रुचलं नाही, असं कानावर आलं. इथे बसलेल्यांपैकी काही जणी येरवड्याच्या किंवा भायखळ्याच्या तुरुंगातून किंवा मुलींच्या निरीक्षणगृहातून बाहेर पडलेल्या आहेत. कोणत्या, हे कळायची सोय आम्ही ठेवलेली नाही. चहाच्या रांगेत विचारू नका.

पुण्याला हा विषय नवा नाही. रमाबाई रानडे तुरुंगातल्या बायकांना भेटायला जात असत. त्यांच्याच पुढाकारानं १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. ज्यांना घरात जागा उरली नव्हती अशा बायकांना तिथे शिक्षण मिळालं, राहायला वसतिगृह मिळालं, आणि परिचारिकेचं शिक्षण घेणाऱ्यांसाठी ससून रुग्णालयाची दारं उघडली. शिकणं, राहणं आणि काम, तिन्ही गोष्टी एका छपराखाली नाही तरी एका हाताखाली होत्या. पुढे आपण त्या तीन ठिकाणी वाटून टाकल्या. आज मुलीला शिकवतं एक खातं, जागा शोधते एखादी संस्था, आणि काम तिनं स्वतः शोधायचं असतं.

आता शिकवण्याबद्दल. २०२२ च्या अखेरीस देशातल्या कैद्यांपैकी दर चारांतले तीन न्यायबंदी होते, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. स्त्रिया शंभरात चार. आपलं आतलं प्रशिक्षण मात्र शिक्षा लागलेल्या कैद्याला डोळ्यांपुढे ठेवून आखलेलं असतं. न्यायबंदीला कामाची सक्ती नसते, आणि ती किती दिवस आत राहील हे तिलाही सांगता येत नाही. तीन महिन्यांच्या वर्गात नाव घालावं आणि पाचव्या आठवड्यात जामीन व्हावा, असं चालतं. जामीन झाल्याचं दुःख कोणी करणार नाही, पण शिकणं अर्धं राहतं आणि बाहेर ते पुढे चालू ठेवायची व्यवस्था नसते.

आणि शिकवायचं काय? शिवणकाम. नाहीतर पार्लर, नाहीतर पापड-मसाले. शिवणकामावर माझं पोट आहे, म्हणून स्पष्ट बोलते. पायमशीनवर ब्लाउज कापायला शिकलेली मुलगी माझ्याकडे आली तर तिला पहिल्या दिवशी रडू येतं. कारखान्यात अख्खा कपडा कोणी शिवत नाही. एक जण दिवसभर कॉलर लावते, दुसरी ओव्हरलॉक मारते, तिसरी काज-बटण करते. जुकीची विजेवरची मशीन पाय टेकवला की सुटते. तिच्यावर हात बसायला वेळ लागतो, आणि मालक मोजतो ते तासाला किती नग निघाले ते. हे आत शिकवायचं तर दोन जुक्या आणि एक ओव्हरलॉक पुरे. प्रमाणपत्रं कमी वाटा, पण यंत्रं बाजारातली ठेवा. आणि प्रमाणपत्रावर कारागृहाचा पत्ता छापू नका. असा कागद मुलगी ट्रंकेच्या तळाशी ठेवते, मुलाखतीला घेऊन येत नाही.

पण खरं सांगायचं तर मुली काम येत नाही म्हणून गळत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत त्या गळतात त्या दुसऱ्याच गोष्टींपायी. जामिनाचा कागद कारागृहात पोहोचेपर्यंत बहुतेकदा संध्याकाळ होते. पुरुष सुटला की आई, बायको, भाऊ, कोणीतरी गेटावर उभं असतं. बाईला आत भेटायलाच कोणी आलेलं नसतं, तर गेटावर कोण येणार? नवऱ्यानं दुसरं घर केलेलं असतं, मूल नणंदेकडे किंवा बालगृहात. खोली बघायला जावं तर घरमालक विचारतो, एकटीच का? वर्षभर आत राहिल्यावर मोबाइलचा नंबर बंद पडलेला असतो, आधार त्याच नंबराला जोडलेलं असतं, ओटीपी कुठे जातो ते देव जाणे. बँकेचं खातं अडतं. आधारशिवाय आम्हाला पीएफचा नंबर काढता येत नाही, ईएसआयची नोंद रखडते. म्हणजे मालकाची इच्छा असूनही त्याच्या हजेरीपुस्तकात ती मुलगी बसत नाही. मग ती रोजंदारीवर जाते, रोख पैसे घेते, आणि ज्या माणसांपासून लांब राहायचं म्हणून निघालेली असते त्यांच्याच खोलीवर झोपायला जाते.

त्यात तारीख. खटला चालू असलेल्या मुलीला महिन्यातून एक-दोनदा कोर्टात उभं राहावंच लागतं. सकाळी अकराला हजर व्हायचं, संध्याकाळपर्यंत पुकारा होईल याची खात्री नाही. ती आज आजारी असल्याचं सांगते, पुढच्या वेळी मावशी वारल्याचं. तिसऱ्या वेळी सुपरवायझर तिला घरी बसवतो. खोटं बोलते म्हणून काढलं, असं तो सांगतो, आणि त्याच्या परीनं ते खरंही असतं.

पोलीस पडताळणीबद्दल माझ्या व्यवसायबंधूंना दोन गोष्टी सांगते. वकील मंडळी सकाळच्या सत्रात अधिक नीट सांगतीलच. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे, अल्पवयात ज्यांचं प्रकरण होऊन निकाली निघालं, त्यांची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी उघड करायची नाही. आपण ती मागायची नाही, हे ओघानं आलं. १९५८ च्या परिविक्षा कायद्याचं कलम १२ सांगतं की सदाचरणाच्या हमीवर सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. ही कलमं आयटी पार्कात सफाईची कंत्राटं घेणाऱ्यांना माहीत नाहीत, मॉलवाल्यांना माहीत नाहीत. प्रौढपणी खटला चालू असलेल्या मुलीला मात्र असं कवच नाही. तिच्या बाबतीत मालकानं स्वतःचं डोकं वापरायचं. गल्ल्यावर मी कोणालाच पहिल्या महिन्यात बसवत नाही, मग ती कुठूनही आलेली असो. बाह्या जोडणारीचा खटला कशाचा आहे, याचा बाह्यांशी काय संबंध?

हे जमतं, याचे दाखले आपल्या राज्यात आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत कोठडी आणि कारागृहाशी संबंध आलेल्या माणसांसोबत काम करतो. सुटून आलेल्यांना दुसऱ्या संस्थांत शिकाऊ म्हणून ठेवायचं आणि त्या काळात विद्यावेतन द्यायचं, ही त्यांची पद्धत मला सर्वांत व्यवहारी वाटते. मुलीच्या हातात महिन्याचे पैसे येतात, वेळेवर पोहोचायची सवय लागते, आणि पुढच्या मालकाला दाखवायला अनुभवाचं पत्र मिळतं. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर बालसंस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलींसाठी कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. अनुरक्षणगृहात राहून मुलगी आमच्याकडे कामाला आली, तर खोलीचा प्रश्न दोन-तीन वर्षं तरी मिटतो. महिला व बालविकास विभागाच्या अधिकाऱ्यांनी आमच्या कारखानदारांच्या बैठकीला एकदा यावं. आम्ही कार्यालयात आलो की आम्हाला देणगीदार समजून चहा पाजला जातो. आम्हाला कामाला माणसं हवी असतात, हे सांगायचं राहून जातं.

दुपारच्या सत्राआधी टेबलांवर हिरवे कागद ठेवलेले असतील, ते मालकांसाठी आहेत. जागा किती, काम कोणतं, शिकाऊ काळातला पगार किती, तारखेची रजा पगारी की बिनपगारी, एवढंच लिहायचं आहे. पगार पहिले तीन महिने आठवड्याला दिलात तर खोलीचं भाडं निघतं, तेवढं मनात ठेवा. माझा कागद मी भरून दिला आहे: ओव्हरलॉकवर एक जागा, पॅकिंगला एक, तारखेची रजा पगारी. मार्चपासून आमचा हंगाम सुरू होतो, तेव्हा आणखी माणसं लागतील. कागद आमच्या स्वागत समितीकडे द्या. परिविक्षा अधिकारी ते संध्याकाळी घेऊन जातील.